अपडेटनंतर काळी स्क्रीन: एनव्हिडिया ड्रायव्हरचं पुन्हा पुन्हा उलटणारं दुखणं

रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. तो पुण्यात शिकतो, मी सांगलीत असतो. "मामा, अपडेट टाकलं, रीस्टार्ट केलं, आता नुसती काळी स्क्रीन. सकाळी प्रोजेक्ट दाखवायचाय." जानेवारी २०२४ मधली गोष्ट. लॅपटॉपमध्ये इंटेलचा प्रोसेसर, सोबत एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, वर उबुंटू २२.०४ हे लिनक्स. तो दोन-तीन महिन्यांतून एकदा अपडेट टाकतो आणि हे दुखणं तिसऱ्यांदा उलटलं होतं. आधीच्या दोन्ही वेळी इलाज मीच सांगितला होता. इलाज लागू पडायचा, पण रोग जायचा नाही. तिसऱ्या वेळी नीट शोधलं तेव्हा कळलं की रोग परत येत होता तो माझ्याच इलाजामुळे.

पुढच्या कमांड मी त्याला फोनवर सांगितल्या तशाच, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत करायच्या. अवतरण चिन्हं गाळायची. शब्दांमध्ये चिकटून आलेली आडवी रेघ तशीच चिकटून टाइप करायची. "डॅश के" असं सुटं लिहिलंय तिथे रेघेच्या आधी जागा सोडायची, रेघेनंतर नाही.

## आधी स्क्रीन परत आणा

काळी स्क्रीन दिसली की हात पेन ड्राइव्हकडे जातो आणि मन "फॉरमॅटच मारू" म्हणतं. गरज नाही. उबुंटू नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) टाकताना आधीचा लगेच काढून टाकत नाही, आणि काल रात्रीपर्यंत ज्या कर्नलवर सगळं चालत होतं तो अजून डिस्कवर आहे.

मशीन चालू करताना ग्रबचा, म्हणजे कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू आणायचा. एकटं उबुंटू असेल तर हा मेनू लपलेला असतो. कंपनीचं चिन्ह दिसलं की एस्केप दाबायचं (जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट दाबून धरायचं). भाच्याने घाबरून एस्केप पाच-सहा वेळा दाबलं आणि थेट "ग्रब" असं लिहिलेल्या कोऱ्या पडद्यावर जाऊन पडला. तसं झालं तर "नॉर्मल" टाइप करून एंटर द्यायचं आणि लगेच एकदाच, एकदाच, एस्केप. मेनूत "अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स" निवडा, तिथे कर्नलची यादी येते. वरचा नवा सोडून त्याखालचा निवडा. ज्याच्यापुढे "रिकव्हरी मोड" लिहिलंय तो नको.

जुन्या कर्नलवर डेस्कटॉप नेहमीसारखा उघडला तर निम्मं निदान तिथेच झालं. कार्ड जळालेलं नाही, केबल ठीक आहे, डेस्कटॉपच्या सेटिंग बिघडलेल्या नाहीत. नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, तयार झालेला नाही, किंवा तयार झाला पण आत घेतला गेला नाही, एवढाच प्रश्न उरतो. सकाळी प्रोजेक्ट दाखवायचा असेल तर तो याच जुन्या कर्नलवर दाखवा आणि बाकीचं दुपारी करा. भाच्याला मी हेच सांगितलं आणि आम्ही दोघंही झोपलो.

जुना कर्नल उरलेलाच नसेल तर दुसरी वाट. ग्रबच्या मेनूत पहिल्या ओळीवर "ई" दाबा, "लिनक्स" या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्या शेवटी जागा सोडून "नोमोडसेट" लिहा आणि एफ१० दाबा. याने ग्राफिक्सचे ड्रायव्हर बाजूला राहतात आणि ओबडधोबड का होईना, पडदा दिसतो. हा बदल एका वेळेपुरताच असतो आणि तो तसाच राहू द्यावा. पुष्कळ जण कुठलं तरी मार्गदर्शन वाचून हा शब्द ग्रबच्या कायमच्या फायलीत घालून ठेवतात, ड्रायव्हर दुरुस्त झाल्यावर काढायला विसरतात आणि मग महिनोन् महिने "लिनक्सवर व्हिडिओ अडखळतात" म्हणून कुरकुरत बसतात. तुमचं तसं काही असेल तर टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) "कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन" चालवा. त्यात नोमोडसेट दिसलं तर तुमचं दुखणं तेच आहे, पुढचं वाचायची गरज नाही.

## हे एनव्हिडियाच्याच बाबतीत का होतं

इंटेल आणि एएमडीच्या कार्डांचे ड्रायव्हर कर्नलच्या स्रोतातच असतात. कर्नलची आतली रचना कुणी बदलली तर त्या बदलामुळे अडणारे कर्नलमधले सगळे ड्रायव्हर त्यानेच दुरुस्त करून द्यायचे, असा तिथला शिरस्ता आहे. आतली रचना कायम एकसारखी ठेवण्याचं वचन कर्नलवाले देत नाहीत. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कर्नलच्या दस्तऐवजांत यावर एक अख्खं टिपण लिहून "तशी मागणीच करू नका" असं सांगून ठेवलं आहे. एनव्हिडियाचा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर राहतो. त्यामुळे दर नव्या कर्नलसाठी त्याचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा तुकडा, नव्याने बांधावं लागतं. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात कॅमेऱ्यासमोर मधलं बोट दाखवलं होतं ते याच कंपनीला. मे २०२२ पासून कंपनीने मॉड्यूलचा स्रोत खुला केला, पण ते मॉड्यूल अजूनही कर्नलच्या बाहेरच राहतं, म्हणून आपल्या दुखण्यात त्याने फरक पडत नाही.

बांधण्याचं काम डीकेएमएस नावाचं साधन करतं. ते २००३ मध्ये डेल कंपनीत तयार झालं. त्याला घरचा शिंपी समजा. कर्नल बदलला की अंगाचं माप बदललं. शिंपी त्याच कापडाचा नवा सदरा शिवतो. त्यासाठी त्याला दोन गोष्टी लागतात: नवं माप, म्हणजे त्या कर्नलच्या हेडर फायली, आणि शिलाई मशीन, म्हणजे जीसीसी कम्पायलर. दोन्हींपैकी एक नसलं की सदरा शिवला जात नाही. आणि शिंपी गाजावाजा करत नाही. अपडेटच्या चारशे ओळींत कुठेतरी एक ओळ पुटपुटतो आणि गप्प बसतो.

## टर्मिनलला विचारायचे तीन प्रश्न

पहिला: आत्ता कोणता कर्नल चालू आहे? "युनेम डॅश आर". आकडा कागदावर लिहून घ्या, पुढे लागतो.

दुसरा: कार्ड कोणता ड्रायव्हर वापरतंय? "एलएसपीसीआय डॅश के". पहिलं अक्षर एल आहे, आकडा एक नाही. फोनवर यातच पाच मिनिटं गेली. यादीत एनव्हिडियाची नोंद शोधा. दोन कार्डांच्या लॅपटॉपवर ती "व्हीजीए" नावाखाली नसून "थ्रीडी कंट्रोलर" नावाखाली असू शकते, म्हणून व्हीजीए शब्द शोधून "माझं कार्डच दिसत नाही" असं ठरवू नका. खाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज" ओळीत एनव्हिडिया हवं. तिथे नूव्हो असेल तर कर्नलने आपला खुला पर्यायी ड्रायव्हर लावलाय. ओळच नसेल तर काहीच लागलेलं नाही.

तिसरा, आणि सगळ्यात कामाचा: "डीकेएमएस स्टेटस". कोणत्या कर्नलसाठी मॉड्यूल बांधून तयार आहे ते इथे दिसतं. नव्या कर्नलचा आकडा आणि पुढे "इन्स्टॉल्ड" असेल तर सदरा शिवून तयार आहे, अडचण दुसरीकडे आहे. फक्त जुन्या कर्नलचीच ओळ असेल तर शिवलाच गेलेला नाही.

यादी अगदी रिकामी आली तर उबुंटूवर आणखी एक शक्यता राहते. उबुंटू काही ड्रायव्हर आधीच बांधून आणि सही करून देतं. त्या पॅकेजचं नाव "लिनक्स-मॉड्यूल्स-एनव्हिडिया" ने सुरू होतं आणि त्यात डीकेएमएसचा संबंध येत नाही. तेव्हा या नावाचं पॅकेज नव्या कर्नलच्या आकड्यासह आलंय का ते पाहायचं. नसेल आलं तर "सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल" बहुतेक वेळा योग्य जोडी बसवून देतं.

## माझा इलाज आणि त्याचा उलटा परिणाम

भाच्याच्या लॅपटॉपवर नव्या कर्नलची ओळ नव्हती, म्हणजे हेडर नसणार. दोन्ही वेळी मी त्याला सगळीकडे सांगतात तीच कमांड सांगितली होती: "सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-", आणि तिला चिकटून डॉलर, कंस, "युनेम डॅश आर", कंस पूर्ण. एपीटी हे उबुंटूचं पॅकेज बसवणारं साधन, आणि कमांडचा अर्थ, आत्ता चालू असलेल्या कर्नलचे हेडर दे.

यात दोन सापळे आहेत. तुम्ही जुन्या कर्नलवर शिरून ही कमांड चालवलीत तर जुन्याच कर्नलचे हेडर येतात, आणि ते बहुधा आधीच असतात. टर्मिनल म्हणतं, सगळं नवीनच आहे, तुम्ही रीस्टार्ट करता, पुन्हा काळं. पहिल्या वेळी आम्ही यातच एक तास घालवला.

दुसरा सापळा लांबचा आहे. ही कमांड एका ठरावीक कर्नलचे हेडर आणते. पुढचा कर्नल आला की त्याचे हेडर कोण आणणार? ते काम एका वेगळ्या पॅकेजचं आहे. २२.०४ वर त्याचं नाव "लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२२.०४" (मूळ कर्नलवरच राहिलेल्यांसाठी नुसतं "लिनक्स-जेनेरिक"). त्याच्या आत स्वतःचं काहीच नसतं. नवा कर्नल आणि त्याचे हेडर या दोघांना ते जोडीने ओढून आणतं, बस. आदल्या उन्हाळ्यात डिस्कवर जागा नाही म्हणून मीच भाच्याला जुने हेडर काढायला लावले होते. त्यात एक पॅकेज जास्त काढलं गेलं आणि त्याच्यावर अवलंबून असलेलं हे ओढणारं पॅकेजही गेलं. एपीटीने विचारलं होतं, आम्ही न वाचता "वाय" दाबलं. तेव्हापासून कर्नल येत राहिले, हेडर येणं थांबलं, आणि दर अपडेटला मी एकाच कर्नलपुरते हेडर घालून पुढच्या काळ्या स्क्रीनची सोय करून ठेवत होतो.

तर खरा इलाज हा: "सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२२.०४". तुमची आवृत्ती २४.०४ असेल तर शेवटचा आकडा तो. डेबियन या दुसऱ्या लिनक्सवर हेच काम "लिनक्स-हेडर्स-एएमडी६४" करतं. नावातल्या एएमडीला घाबरू नका, इंटेलच्या ६४ बिट मशीनलाही तेच लागतं. मग जुन्या कर्नलवर असतानाच नव्यासाठी मॉड्यूल बांधायला सांगायचं: "सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल डॅश के", पुढे नव्या कर्नलचा पूर्ण आकडा. "डॅश के" दिलं नाही तर ते चालू कर्नलसाठीच बांधतं. सापळा पुन्हा तोच.

## हेडर आले, तरी बांधलं जाईना

त्या जानेवारीत गोष्ट इथेच संपायला हवी होती. नाही संपली. बांधणी मध्येच थांबली, "बॅड रिटर्न स्टेटस" असा संदेश आला आणि "मेक.लॉग" नावाची फाइल बघा असं सांगून डीकेएमएस मोकळं झालं. ती फाइल "/व्हार/लिब/डीकेएमएस/एनव्हिडिया" च्या आत, ड्रायव्हरच्या आवृत्तीच्या फोल्डरमध्ये, "बिल्ड" मध्ये असते. ती शेवटून वाचू नका. शेवटी फक्त "एरर २" ची रांग असते. पहिल्यांदा "एरर" शब्द कुठे आलाय तिथे जा.

तिथे होतं: "अनरेकग्नाइज्ड कमांड-लाइन ऑप्शन", आणि पुढे "एफट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट". उबुंटू २२.०४ चा नेहमीचा कम्पायलर जीसीसी ११. त्या जानेवारीत आलेला ६.५ चा कर्नल मात्र जीसीसी १२ ने बांधलेला होता, आणि हा पर्याय जीसीसीला बाराव्या आवृत्तीपासूनच कळतो. माप नवं, मशीन जुनं. आधीचा ६.२ चा कर्नल जुन्या कम्पायलरचाच असल्यामुळे तोपर्यंत कधी अडलं नव्हतं.

"सुडो एपीटी इन्स्टॉल जीसीसी-१२" केलं, पुन्हा ऑटोइन्स्टॉल चालवलं आणि बांधणी पार पडली. काही मशीनवर एवढ्याने भागत नाही, कारण डीकेएमएस तरीही नुसत्या "जीसीसी" या नावाने जुनाच कम्पायलर उचलतं. तेव्हा "अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज" वापरून जीसीसी या नावामागे बारावी आवृत्ती ठेवावी लागते. आत्ता चालू असलेला कर्नल कोणत्या कम्पायलरने बांधलाय ते "कॅट /प्रॉक/व्हर्जन" सांगतं, तुमच्याकडे कोणता आहे ते "जीसीसी डॅश डॅश व्हर्जन". दोन्हींचा पहिला आकडा जुळायला हवा.

कधी कधी मात्र तुमच्याकडे सगळं बरोबर असतं आणि तरी बांधणी फसते. १० फेब्रुवारी २०२४ ला डेबियन १२.५ आलं. त्यातल्या ६.१.७६ कर्नलमध्ये एका आतल्या बदलामुळे एनव्हिडियाच्या मॉड्यूलला फक्त जीपीएल या खुल्या परवान्याच्या मॉड्यूलसाठी राखीव असलेलं एक फंक्शन लागू लागलं. मॉड्यूल जीपीएलचं नाही, म्हणून बांधणी नाकारली गेली. नवख्यांचीच नाही, वर्षानुवर्षं डेबियन चालवणाऱ्यांचीही. वर, बांधणी फसल्यामुळे कर्नलचं पॅकेजही अर्धवट बसलेलं राहिलं, आणि मग एपीटी प्रत्येक कामात तीच तक्रार करत राहिलं. अशा वेळी हेडर, कम्पायलर, पुन्हा इन्स्टॉल, कशानेच काही होत नाही. आधीच्या कर्नलवर राहायचं आणि दुरुस्त ड्रायव्हर येईपर्यंत थांबायचं. तेव्हा तो आलाच. मेक.लॉगमध्ये "जीपीएल-ओन्ली सिम्बॉल" किंवा एखादं फंक्शनच सापडत नसल्याची तक्रार दिसली तर रात्र घालवू नका. ते तुमच्या हातातलं नाही.

## सदरा शिवला, दारात अडवला

डीकेएमएस म्हणतंय इन्स्टॉल्ड, तरी पडदा काळा. तेव्हा "सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया" करून पाहा. "की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस" असं उत्तर आलं तर सिक्युअर बूट आडवं आलंय. सिक्युअर बूट चालू असताना ओळखीच्या किल्लीची सही नसलेलं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. घरी बांधलेल्या मॉड्यूलवर सही करायला उबुंटू तुमच्याच मशीनवर एक किल्ली तयार करतं आणि ती किल्ली तुमची आहे हे तुम्ही स्वतः, कळफलकापाशी बसून, मशीनला सांगावं लागतं.

म्हणूनच ड्रायव्हर टाकताना मध्येच एक पासवर्ड मागितला जातो. लोक काहीतरी देऊन मोकळे होतात. पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येतो, "कोणतंही बटण दाबा" म्हणतो, दहा सेकंद मोजतो. बटण नाही दाबलं तर नेहमीसारखं बूट होतं, नोंदणी राहून जाते आणि तो पडदा पुन्हा आपणहून येत नाही. माझ्या ओळखीच्या एका शिक्षकांनी तो पडदा पाहून व्हायरस समजून प्लग काढला होता. त्यांना हसायला नको, त्या पडद्याचं रूपच तसं आहे.

पुन्हा आणायचा तर "सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी डॅश डॅश एनरोल-की". पासवर्ड साधा द्या, तो एकदाच लागतो. रीस्टार्ट, निळा पडदा, "एनरोल मोक", "कंटिन्यू", "येस", तोच पासवर्ड, रीबूट. तिथे कळफलक अमेरिकी मांडणीचा असतो, त्यामुळे पासवर्डमध्ये चिन्हं नकोत.

बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूटच बंद करा, असा सल्ला सर्रास मिळतो. चालतो. पण त्याच मशीनवर विंडोज असेल आणि त्यात बिटलॉकर (डिस्क कूटबद्ध करणारी सोय) चालू असेल तर पुढच्या वेळी विंडोज अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती हाताशी नसेल तर ग्राफिक्सचा प्रश्न बाजूला राहतो आणि भलताच प्रश्न उभा राहतो. मी किल्ली नोंदवण्याच्याच बाजूचा आहे.

## काळं नाही, पण बिनसलंय

पडदा दिसतो पण सगळं जड चालतं, बाहेरचा मॉनिटर ओळखला जात नाही, उजेड कमी-जास्त होत नाही, आणि सेटिंगमध्ये ग्राफिक्ससमोर "एलएलव्हीएमपाइप" लिहिलंय: म्हणजे कार्ड बाजूला पडलंय आणि चित्र काढण्याचं काम प्रोसेसर करतोय. निदान वरचंच.

"एनव्हिडिया-एसएमआय" चालवल्यावर "ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच" आलं तर रीस्टार्ट करा, दुसरं काही करू नका. आपोआप होणाऱ्या अपडेटने डिस्कवरचा ड्रायव्हर बदललाय आणि मेमरीत जुनं मॉड्यूल बसलंय, एवढंच. भाच्याच्या एका मित्राने या संदेशावर चार तास घालवून क्यूडा (कार्डावर गणितं चालवायची एनव्हिडियाची प्रणाली) पूर्ण काढून पुन्हा टाकलं होतं. मग अर्थातच रीस्टार्ट केलं, मग अर्थातच चाललं, आणि आता तो सगळ्यांना क्यूडा पुन्हा टाकायला सांगतो.

लॅपटॉपवर "प्राइम-सिलेक्ट क्वेरी" एकदा विचारून घ्या. उत्तर "इंटेल" आलं तर कार्ड मुद्दाम बंद ठेवलेलं आहे, ड्रायव्हर बिघडलेला नाही. "सुडो प्राइम-सिलेक्ट ऑन-डिमांड" करून रीस्टार्ट.

डिस्क कूटबद्ध केलेल्यांचं "/बूट" वेगळं आणि लहान असतं. ते भरलं की नव्या कर्नलची बूट प्रतिमा तयारच होत नाही. "डीएफ डॅश एच /बूट" पाहा. शंभर टक्के असेल तर "सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह डॅश डॅश पर्ज". मात्र काय काय काढतोय ती यादी वाचा. माझं काय झालं ते वर सांगितलंच.

कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवलेली "रन" फाइल आणि एपीटीचा ड्रायव्हर असे दोन्ही एकाच मशीनवर असतील तर ते एकमेकांच्या फायली पुसत राहतात आणि दर अपडेटला वेगळंच काहीतरी तुटतं. आधी "सुडो एनव्हिडिया-अनइन्स्टॉल", मग एपीटीने एनव्हिडियाची सगळी पॅकेज पर्ज करा (सेटिंगसकट काढा), मग "उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल". पुन्हा ती रन फाइल उघडू नका.

फेडोरा लिनक्सवर आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या साठ्यातला ड्रायव्हर असेल तर मॉड्यूल मागे गुपचूप बांधलं जातं आणि त्याला काही मिनिटं लागतात. अपडेट संपलं म्हणून लगेच रीस्टार्ट करणारे तिथे फसतात. "मॉडइन्फो डॅश एफ व्हर्जन एनव्हिडिया" ला (इथलं एफ मात्र मोठं) आकडा मिळेपर्यंत चहा घ्या.

## जुनी कार्डं

२२.०४ वरून २४.०४ असं अख्खं अपग्रेड करणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. अपग्रेड करताना पीपीए, म्हणजे पॅकेजचे बाहेरचे साठे, बंद केले जातात, त्यामुळे तिथून घेतलेला ड्रायव्हर अधांतरी राहतो. त्याहून मोठी अडचण कार्डाच्या वयाची. मॉडप्रोबला "नो सच डिव्हाइस" असं उत्तर आलं तर "सुडो डीमेसेज" (दुसरा शब्द डी, एम, ई, एस, जी) मध्ये "लेगसी" शब्द शोधा. तुमचं कार्ड ड्रायव्हरच्या कोणत्या शाखेपर्यंत (आवृत्तीच्या पहिल्या आकड्यापर्यंत) चालतं ते ड्रायव्हर तिथे स्वतः लिहितो. फर्मी पिढीची कार्डं ३९० वर थांबली, केप्लर ४७० वर. बाजारात अजून दिसणारं जीटी ७१० हे केप्लर. जीटी ७३० घेताना तर आतला चिप विचारा, कारण त्याच नावाखाली फर्मी आणि केप्लर दोन्ही विकले गेले. मॅक्सवेल आणि पास्कल यांच्यासाठी ५८० ही शेवटची शाखा. उलट टोकाला, आरटीएक्स ५० मालिकेच्या कार्डांना खुल्या मॉड्यूलचाच ड्रायव्हर लागतो. नावात "ओपन" नसलेला टाकलात तर कार्ड सुरूच होत नाही.

भाच्याच्या लॅपटॉपला ओढणारं पॅकेज परत मिळालं, आणि एक सवय लागली. अपडेट संपलं की रीस्टार्टच्या आधी "डीकेएमएस स्टेटस". नव्या कर्नलची ओळ दिसली नाही तर रीस्टार्ट नाही. तेव्हापासून साडेदहाचे फोन बंद आहेत. माझ्या डेस्कटॉपमध्ये मात्र जीटीएक्स १०५० आहे, म्हणजे पास्कल, म्हणजे ५८० च्या पुढे वाट नाही. कधीतरी असा कर्नल येईल ज्यावर ५८० बांधलंच जाणार नाही. तेव्हा जुन्या कर्नलवर अडून बसायचं नाही असं ठरवलंय. एएमडीचं एखादं वापरलेलं कार्ड घेईन, आणि जुनं कोणाला हवं असेल तर सांगलीत येऊन घेऊन जावं.